वीज आणि बीजगणित



आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून काहींच्या मनात शंका आली असेल. वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, नाटक, राजकारण, मुक्तिसंग्राम असे विषय आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. त्यांच्या पंगतीत विजेचे आणि गणिताचे पान कोणी मांडले? पण थोडा विचार केला तर ध्यानात येईल की, याच उन्हाळ्याच्या दिवसांत नांदेड-लातूरच्या घराघरांतून दुसरा कोणताही विषय इतका बोलला जात नाही. मुलाची बारावी झाली, मुलीची बारावी झाली. आता पुढे काय? आणि अलीकडे या प्रश्नाला एक नवीन फाटा फुटलेला आहे. मुलगी म्हणते, "बाबा, मला इलेक्ट्रिकलची पदवी घ्यायची आहे आणि सोबत गणित व संगणकशास्त्राचीही." बाप विचारतो, "दोन पदव्या कशाला? नोकरी तर एकच करायची ना?"

बापाचा प्रश्न टाकाऊ नाही. त्याच्या डोळ्यांपुढे दोन वेळची फी असते, वसतिगृहाचा खर्च असतो, पाऊस बरा झाला नाही तर काय, ही धास्ती असते. मुलीचे म्हणणेही हट्टाचे नाही. या दोघांच्या संवादाला एक इतिहास आहे, तो बराच जुना आहे, आणि त्यातला काही भाग आपल्या गोदाकाठी घडलेला आहे. तो आज आपणापुढे मांडावा एवढाच माझा हेतू.

प्रथम एक साधी गोष्ट सांगतो. येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना ती आठवत असेल. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि नांदेडला मीटरगेजची गाडी आली. लातूरला 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची गाडी पोहोचली. तिच्या रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. म्हणजे ही दोन्ही गावे आगगाडीने जगाशी जोडली गेली, पण एकमेकांच्या मापाने नव्हे, आणि मुंबईच्या मापानेही नव्हे. नांदेडच्या माणसाने मुंबईस जावयाचे तर मनमाडला उतरून गाडी बदलावयाची. लातूरच्या माणसाने कुर्डुवाडीला. माणूस एकवेळ ट्रंक उचलून पलीकडे जाई. पण डाळीची पोती, कापसाच्या गाठी हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवाव्या लागत. वेळ जाई, पैसा जाई, मालाची नासधूस होई ती निराळीच. मनमाडहून नांदेडकडे येणारा मार्ग ब्रॉडगेज झाला तो 1990 नंतरच्या दशकात, आणि लातूर-कुर्डुवाडी मार्ग 2008 पर्यंत.

विद्येच्या प्रांतातही मापे वेगळी असतात. विजेचे शास्त्र एका रुळावर चालते, गणित दुसऱ्या. दोन्ही गाड्या आपापल्या ठिकाणी उत्तम धावतात. परंतु एकीतला माल दुसरीत चढवावयाचा कोणी, हा प्रश्न उरतोच. ज्या काळात ज्या देशात असा माल चढविणारी माणसे निघाली, तेथे नव्या युगाचा आरंभ झाला. आजचा संगणक हे अशाच जोडकामाचे फळ आहे.

कोणी म्हणेल, एका माणसाने दोन शास्त्रे शिकावयाची ही टूम पाश्चात्त्यांची. तसे नाही. गोदावरीच्या काठी पार्थपूर नावाचे गाव होते. परभणी जिल्ह्यातील आजची पाथरी ती हीच, असे अभ्यासक मानतात. तेथे ज्ञानराज नावाचे ज्योतिर्विद होऊन गेले. 1503 च्या सुमारास त्यांनी 'सिद्धान्तसुन्दर' हा ग्रंथ लिहिला. त्यांचे पुत्र सूर्यदास. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्यांनी 1538 मध्ये 'सूर्यप्रकाश' ही टीका रचली आणि 1541 मध्ये लीलावतीवर 'गणितामृतकूपिका'. याच सूर्यदासांनी 'रामकृष्णविलोमकाव्य' लिहिले. सरळ वाचावे तर त्यात रामाची कथा, आणि तीच अक्षरे उलट क्रमाने वाचावी तर कृष्णाची! एक-एक अक्षर मोजून, तोलून बसविल्याशिवाय असे काव्य साधत नाही. गणिताची शिस्त आणि काव्याचा रस एकाच मेंदूत नांदल्यावाचून ते अशक्य. तेव्हा दोन विद्यांना एका घरात नांदविण्याची रीत आपल्याला परकी नाही. ती मधल्या काळात खंडित झाली, एवढेच.

ती का खंडित झाली, हे पाहावयाचे तर निजामी राजवटीतील शिक्षणाकडे वळले पाहिजे. हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्याचे माध्यम उर्दू. हिंदुस्थानात इंग्रजी हेच उच्च शिक्षणाचे माध्यम असताना एका देशी भाषेत सर्व शास्त्रे शिकविण्याचा तो प्रयोग होता, आणि एक प्रयोग म्हणून तो लहान नव्हता. त्याकरिता भाषांतराचे स्वतंत्र खाते काढण्यात आले. गणिताची, विज्ञानाची पुस्तके उर्दूत उतरविण्यात आली. 1929 मध्ये त्या विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. याचे श्रेय द्यावयासच हवे. परंतु नांदेड-लातूरकडच्या मराठी मुलाच्या वाट्यास काय आले? घरी मराठी, दरबारी उर्दू, आणि राज्याबाहेर पाऊल टाकले की इंग्रजी. बीजगणिताला तो 'जब्र-ओ-मुक़ाबला' म्हणावयास शिके, त्रिकोणाला 'मुसल्लस', कोनाला 'ज़ाविया', समीकरणाला 'मसावात', आणि विजेला 'बर्क़'. शब्द वाईट नव्हेत. अरबी गणिताची मोठी परंपरा त्यांच्या पाठीशी आहे. पण आईच्या भाषेत ज्याला मोजावयास शिकविले, त्याला परीक्षेच्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागे. येथेही गाडी बदलावीच लागे.

यास्तव आपल्या भागातील शिक्षणाची पहिली लढाई ही शास्त्रांची नव्हती; ती शाळेची आणि भाषेची होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, अशा संस्थांनी ती लढविली. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. दोन वर्षांच्या आत, 1950 मध्ये, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडात पीपल्स कॉलेज उघडले. त्याच वर्षी औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. 1956 मध्ये मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला. 1958 मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ आले आणि 1960 मध्ये तेथेच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. लातुरात दयानंद महाविद्यालय 1961 चे, राजर्षी शाहू महाविद्यालय 1970 चे.

ही सनावळी मी केवळ पाठांतरासाठी सांगत नाही. तिच्यातील एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या दोन्ही गावांत गणिताचा वर्ग आला तो कला-विज्ञान महाविद्यालयाच्या दाराने. विजेचे शास्त्र आले ते अभियांत्रिकीच्या दाराने, तेही दूर औरंगाबादेस. नांदेडच्या मुलाला गणित गावात मिळे, पण विजेसाठी गाव सोडावे लागे. दोन विद्या दोन इमारतींत, दोन शहरांत, दोन प्रकारच्या मुलांसाठी अशी वाटणी होऊन बसली. आणि एकदा वाटणी झाली की भाऊ एकमेकांच्या अंगणात सहसा जात नाहीत.

आता क्षणभर दूर देशी जाऊ. हैदराबादेत अभियांत्रिकी महाविद्यालयास सात वर्षे झाली होती, त्याच 1936 साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून वीस वर्षांचा एक तरुण दोन पदव्या घेऊन बाहेर पडला. एक विद्युत् अभियांत्रिकीची, दुसरी गणिताची. त्याचे नाव क्लॉड शॅनन. लहान गावात वाढलेला, यंत्रे खोलून पाहण्याची आवड असलेला मुलगा. पुढील शिक्षणासाठी तो मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत गेला. तेथे गणित करणारे एक प्रचंड यांत्रिक साधन होते आणि त्याचे नियंत्रण विजेवर उघडझाप करणाऱ्या शंभराहून अधिक कळांनी होत असे. त्या कळांना रिले म्हणतात. अशा कळांची जोडणी त्या काळचे अभियंते अनुभवाने, अंदाजाने, चुकत-माकत करीत. शॅननने ती जोडणी पाहिली आणि त्याला महाविद्यालयात शिकलेले एक तर्कशास्त्र आठवले.

ते तर्कशास्त्र जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाचे. बूल हा चांभारकाम करणाऱ्या गरीब माणसाचा मुलगा, बहुतांशी स्वतःच शिकलेला. 1854 मध्ये त्याने विचारांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले की, 'आणि', 'किंवा', 'नाही' हे शब्द बेरीज-गुणाकारासारखे वापरून तर्काचे बीजगणित मांडता येते. खरे ते 1, खोटे ते 0. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, या बूलची पत्नी मेरी ही सर जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. जगातील सर्वांत उंच शिखर ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते हे एव्हरेस्ट तरुणपणी निजामाच्या मुलखात, कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानांत, भूमापन करीत हिंडले होते आणि तेथल्या तापाने आजारीही पडले होते. असो.

बूलच्या ग्रंथाला ऐंशी वर्षे होऊन गेली होती आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेर त्याचा फारसा उपयोग कोणास दिसत नव्हता. शॅननच्या ध्यानात आले की, विजेची कळ बंद किंवा उघडी, एवढ्या दोनच अवस्थांत असते. बूलचे विधानही खरे किंवा खोटे, एवढ्या दोनच अवस्थांत. म्हणजे तारांचे जाळे हे वास्तविक एक समीकरण आहे! 1937 मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने हा विचार प्रबंधात मांडला आणि 1938 मध्ये तो छापून आला. जपानात आणि रशियातही त्याच सुमारास काही जणांना हे सुचले होते. काळ पिकला की फळे अनेक फांद्यांवर दिसू लागतात. पण शॅननच्या मांडणीने अभियंत्यांची रीतच बदलली.

हे काय प्रकरण आहे, ते आपल्या घरातील उदाहरणाने पाहू. दिव्याच्या वाटेवर दोन बटणे एकापुढे एक जोडली, म्हणजे ज्याला शाळेत एकसर जोडणी म्हणतात तशी केली, तर दिवा केव्हा लागेल? पहिले बटण चालू असेल आणि दुसरेही चालू असेल तेव्हाच. हा बूलचा 'आणि'. तीच दोन बटणे समांतर जोडली, तर पहिले चालू असो किंवा दुसरे, दिवा लागेलच. हा बूलचा 'किंवा'.

आता जिन्यातला दिवा आठवा. एक बटण खाली, एक वर. खालून लावावा, वर जाऊन मालवावा. दोन्ही बटणे एकाच बाजूला असली तर दिवा बंद. एक इकडे, एक तिकडे असले तर दिवा चालू. आता असे समजा की, बटणाची एक बाजू म्हणजे 0 आणि दुसरी म्हणजे 1. तर 0 आणि 0, दिवा बंद. 0 आणि 1, दिवा चालू. 1 आणि 0, दिवा चालू. 1 आणि 1, दिवा पुन्हा बंद. आता फक्त शून्य आणि एक हेच अंक असलेली बेरीज करून पाहा. शून्य अधिक शून्य म्हणजे शून्य. शून्य अधिक एक म्हणजे एक. आणि एक अधिक एक? तेथे अंक संपतात, म्हणून शून्य लिहावयाचे आणि हातचा एक. जिन्यातला दिवा नेमका तोच शून्य दाखवितो! आणि हातचा? त्यासाठी एकसर जोडलेला दुसरा दिवा ठेवा; दोन्ही बटणे एकवर असली तरच तो लागेल. झाली बेरीज. पहिला दिवा अंक सांगतो, दुसरा हातचा सांगतो.

लहानपणी पाटीवर ज्याने हातचा घेऊन बेरीज केली आहे आणि घरी ज्याने जिन्यातला दिवा लावला आहे, त्याच्याजवळ संगणकाची दोन्ही बीजे आहेत. फक्त ती एकत्र पाहणारा डोळा हवा. विजेच्या अभियंत्यांना दिवा ठाऊक होता, बूल ठाऊक नव्हता. तर्कशास्त्राच्या पंडितांना बूल ठाऊक होता, ते बटणाला हात लावीत नसत. शॅननजवळ दोन्ही होते, म्हणून त्याला दिसले. दुसऱ्या पदवीने त्याला आणखी एक नोकरी दिली असे नव्हे. तिने त्याला पहिल्या पदवीचा अर्थ दिला.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ आणि ज्या बाप-लेकीपासून आरंभ केला तशाच एका बाप-लेकाकडे पाहू. होमी भाभा मुंबईचे, जन्म 1909 चा. वडिलांची इच्छा अशी की, मुलाने केंब्रिजला यंत्र-अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन टाटांच्या लोखंडाच्या कारखान्यात काम करावे. मुलाचे मन गणितात आणि भौतिकशास्त्रात गुंतलेले. बापाने नाही म्हटले नाही आणि हो-ही म्हटले नाही. त्यांनी अट घातली, की अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग गणिताचा खर्च मी देतो. भाभांनी 1930 मध्ये अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळविला आणि मग 1932 मध्ये गणितातही पहिलाच मिळविला. पुढे 1945 मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. ज्या बापाने हिशेबही सोडला नाही आणि मुलाची ओढही मोडली नाही, त्या बापाचा या देशावर उपकार आहे.

आणि मुंबईच्या याच संस्थेत आपल्या देशातील स्वतः बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक तयार झाला. त्याचे नेतृत्व रंगस्वामी नरसिंहन यांच्याकडे होते. त्यांची विद्या पाहा. मद्रासेत गिंडीच्या महाविद्यालयात त्यांनी दूरसंचार अभियांत्रिकी शिकली, अमेरिकेत कॅलिफोर्नियास विद्युत् अभियांत्रिकी, आणि नंतर इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. केली ती गणितात. 1954 मध्ये ते मुंबईत रुजू झाले. त्यांच्याबरोबरचे तरुण विशीतले. त्यांपैकी जवळजवळ कोणी संगणक डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. 1956 मध्ये नमुन्याचे छोटे यंत्र चालू झाले, 1960 मध्ये पूर्ण यंत्र कामास लागले, आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे 2700 निर्वात नळ्या होत्या. स्मरणशक्ती 2048 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 अंकांचा, आणि अंक दोनच, शून्य नाही तर एक. आज खिशातल्या फोनपुढे ते यंत्र पोरखेळ वाटेल. पण प्रत्येक जोडणी का केली, हे त्या मंडळींना ठाऊक होते, कारण ती त्यांनी कागदावर समीकरणाने सोडवून मग डागली होती.

पुढची पायरी पुण्याची. हव्या त्या क्षमतेचा महासंगणक भारताला देण्यास अमेरिकेने नकार दिला. तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि 1991 मध्ये तिने 'परम 8000' तयार केला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर. जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातला, शिक्षण नागपूर, बडोदे आणि दिल्लीचे. एक मोठे गणित अनेक लहान संगणकांत वाटून द्यावयाचे आणि त्यांची उत्तरे पुन्हा जुळवावयाची, हे त्या यंत्राचे मर्म. त्यात विजेचे काम किती आणि गणिताचे किती, हे वेगळे काढून दाखविणे कठीण आहे. वऱ्हाडातील खेड्यातून हे घडू शकते, तर मराठवाड्यातून का नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल.

मराठवाड्याच्या वाटेत अडथळे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1974 मध्ये येथील विद्यार्थी विकासाच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले. 1983 मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली अनुशेषाची मोजदाद करणारी समिती नेमण्यात आली. त्या समितीने ज्या क्षेत्रांचा हिशेब मांडला त्यांत ग्रामीण विद्युतीकरण होते आणि तंत्रशिक्षणही होते. म्हणजे वीजही कमी आणि विजेची विद्याही कमी, हे सरकारी कागदावर उमटले. दरम्यान 1981 मध्ये नांदेडास श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. 1983 मध्ये लातुरास एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय. 1994 च्या 17 सप्टेंबरला, मुक्तिदिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याचे पहिले कुलगुरू झाले ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे. विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे आहेत.

नांदेडच्या मंडळींनी एक दृश्य मनात आणावे. गोदावरीच्या काठी विष्णुपुरी. तेथे अभियांत्रिकीची संस्था आहे. त्याच विष्णुपुरीच्या परिसरात विद्यापीठ आहे आणि विद्यापीठात गणिताचे व संगणकाचे संकुल आहे. 1960 मध्ये ज्या दोन विद्यांच्या मध्ये नांदेड-औरंगाबाद एवढे अंतर होते, त्या आज एकाच वस्तीच्या शेजारणी झाल्या आहेत. शेजारणींनी एकमेकींकडे वाटीभर साखर मागावी, इतके ते अंतर. पण शेजार जुळला म्हणून सोयरीक जुळतेच असे नाही. ती जुळवावी लागते.

आता लातूरकडे पाहू. 'लातूर पॅटर्न' हा शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना शिस्तीने, कसून अभ्यास करवून घेऊन, बोर्डाच्या आणि प्रवेश परीक्षांच्या गुणवत्ता यादीत आणण्याचे काम लातूरने केले. ज्या भागास मागासलेला म्हणून हिणविले जाई त्याने राज्याला अभ्यास शिकविला, ही साधी गोष्ट नव्हे. मी त्याचा गौरवच करतो. परंतु गौरव करून झाल्यावर एक चिंताही बोलून दाखविली पाहिजे. प्रवेश परीक्षेच्या धावपळीत गणित हा विषय जिन्याची पायरी होऊन बसला आहे. चार पर्यायांतून एक निवडावयाचा, तोही काही सेकंदांत. हे कौशल्य खोटे नव्हे. पण प्रवेश मिळाला की मुलगा त्या पायरीवरून पुढे जातो आणि मागे वळून पाहत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या दोन वर्षांत गणिताचे जे पेपर असतात ते 'सुटले' की तो सुटकेचा निःश्वास टाकतो. ज्या बीजगणिताने दिव्याला बेरीज शिकविली, ते बीजगणित आपल्या मुलाच्या लेखी एक उरकून टाकावयाचे ओझे झाले, तर त्याच्या हाती उरेल काय? दुसऱ्याने केलेली जोडणी चालू ठेवणे. तेही काम प्रामाणिक आहे. पण नवी जोडणी करणारा निराळा असतो.

येथे आपल्या मुलीचा हट्ट पुन्हा आठवावा. आजवर नियमच असा होता की, एका वेळी एकच पूर्णवेळ पदवी. एप्रिल 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तो बदलला. दोन्ही वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन पदव्या प्रत्यक्ष वर्गात बसून घेता येतात. किंवा एक वर्गात आणि दुसरी दूरशिक्षणाने वा ऑनलाइन घेता येते. मद्रासच्या आयआयटीने 2020 मध्ये विदाविज्ञानाची, म्हणजे गणित आणि संगणक यांच्या संगमाची, ऑनलाइन पदवी सुरू केली. 2023 मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचीही. म्हणजे लातुरात राहून विजेची पदवी आणि घरी बसून गणित-संगणकाची, ही गोष्ट आता कायद्याने आणि सोयीने दोन्ही अंगांनी शक्य झालेली आहे. कुर्डुवाडीला उतरण्याची गरज उरलेली नाही.

मग सर्वांनीच दोन पदव्या घ्याव्या काय? माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. दोन पदव्या म्हणजे दोन विद्या नव्हेत. दोन अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून, एका वहीत विजेचे टिपण आणि दुसऱ्या वहीत गणिताचे, आणि दोन्ही वह्यांची कधी भेट नाही, असे शिक्षण म्हणजे दोन कागदांचा दुप्पट खर्च. ते न केलेले बरे. बापाचा प्रश्न तेथे अगदी रास्त ठरतो. ज्या मुलाला एकच अभ्यासक्रम पेलवतो त्याने तो मनापासून पुरा करावा. त्यात कमीपणा नाही. प्रत्येकाच्या अंगात दुहेरी भार नेण्याचे बळ असतेच असे नाही, आणि शरीर-मन झिजवून मिळविलेली दुसरी पदवी कोणाच्याच कामी येत नाही.

परंतु ज्याला जिन्यातला दिवा लावताना त्याच्यामागचे समीकरण दिसते, किंवा समीकरण सोडविताना ज्याचे हात तार जोडावयास शिवशिवतात, त्या मुलाला, त्या मुलीला अडवू नये. तिला विचारावे, "दुसरी विद्या पहिलीला काय देणार?" तिच्याजवळ उत्तर असेल, अगदी अडखळत दिलेले का असेना, तर भाभांच्या वडिलांप्रमाणे अट घालावी आणि वाट मोकळी करावी. आणि जिला दुसरी पदवी परवडत नाही, तिच्यासाठी संस्थांनी काही करावे. अभियांत्रिकीच्या मुलांना आठवड्यातून एक दुपार गणिताच्या वर्गात बसू द्यावे. गणिताच्या मुलांना एक दुपार विजेच्या प्रयोगशाळेत हात काळे करू द्यावेत. ग्रंथालये एकमेकांना उघडी ठेवावीत. याला मोठा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. लागते ती शेजारधर्माची बुद्धी.

मित्रहो, आपल्या वडिलांच्या पिढीने भाषेची गाडी बदलण्याचा त्रास काढला. आपल्या पिढीने गाव सोडण्याचा. मुक्तिसंग्रामात ज्यांनी तुरुंग भोगला त्यांनी सुटून आल्यावर प्रथम महाविद्यालये काढली, याचा अर्थ त्यांना पक्का कळला होता, की परतंत्रता केवळ गादीवर बसलेल्या राजाची नसते. दुसऱ्याने केलेल्या यंत्रापुढे, त्याचे मर्म न कळता, मान तुकविणे हीही एक परतंत्रताच. रूळ आता रुंद झालेले आहेत. पुढच्या गाडीत आपली मुले प्रवासी म्हणून बसतात की तिची जोडणीही करतात, हे मनमाडला किंवा कुर्डुवाडीला ठरावयाचे नाही. ते आपल्या घरात, या उन्हाळ्यात, ताटावर बसून बाप-लेकीच्या बोलण्यात ठरावयाचे आहे.

आज घरी गेल्यावर जिन्यातला दिवा लावा. मुलांना जवळ बोलवा, आणि त्या दोन बटणांनी एक अधिक एक करून दाखवा. हातचा कोठे गेला, हे त्यांना शोधू द्या.